मदत हवी आहे: ध्रुवीय निर्देशकांवरून आंबा भलत्याच दिशेला येतोय

बारावी सायन्सला आहे. ध्रुवीय निर्देशकांवरून (अंतर आणि कोन थीटा) कार्तीय निर्देशक (क्ष, य) काढायचं सूत्र पाठ आहे: क्ष = अंतर × कॉस थीटा, य = अंतर × साइन थीटा. पण नीट कळावं म्हणून रविवारी शेतात करून बघितलं. विहीर आरंभबिंदू धरली, टेपने अंतर मोजलं, मोबाइलच्या होकायंत्रावर कोन घेतला.

आंबा: 50 मीटर, 120 अंश
बांधाचा कोपरा: 40 मीटर, 225 अंश

सूत्रात घातल्यावर आंबा (−25, 43.3) आणि कोपरा (−28.3, −28.3). आलेख कागदावर वर उत्तर, उजवीकडे पूर्व. कोपरा नैऋत्येला बरोबर बसला. आंबा मात्र विहिरीच्या उत्तरेला गेला! तो आहे पूर्वेला, जरा दक्षिणेकडे. कॅल्क्युलेटर डिग्री मोडवरच आहे. त्यात या आकड्यांवरून आंबा ते कोपरा अंतर 71.7 मीटर येतं आणि टेपनेही तेवढंच भरलं. मग चुकतंय कुठे?

उत्तर:
आकडेमोड बरोबर आहे, कोनाची सुरुवात चुकली. गणितातला थीटा पूर्वेपासून, घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात. होकायंत्र उत्तरेपासून, घड्याळाच्या दिशेने मोजतं. म्हणून होकायंत्राचा कोन आधी 90 मधून वजा करा. आंब्याचा थीटा −30 अंश, म्हणजे (43.3, −25). कोपऱ्याचा −135, म्हणजे फिरून 225च, म्हणून तो जागेवर राहिला.

तुमचा सगळा नकाशा ईशान्य-नैऋत्य रेषेवर आरशासारखा उलटला होता. कोपरा नेमका त्या रेषेवर होता. आरशात अंतरं बदलत नाहीत, म्हणून 71.7 जुळलं. टेपने पडताळा घेतलात हे उत्तम केलंत, पण ही चूक अंतरावरून सापडत नाही, दिशाच बघावी लागते.

उलट जाताना, म्हणजे क्ष, य वरून कोन काढताना, जपा. कोपऱ्याचं य भागिले क्ष 1 येतं, त्याचा टॅन इन्व्हर्स घेतला की कॅल्क्युलेटर 45 अंश सांगेल आणि तुम्ही ईशान्येला पोचाल. दोन्ही आकडे उणे, म्हणजे तिसरं चरण (आलेखाचा खालचा डावा भाग). तिथे 180 मिळवा.

प्रश्नकर्ती:
जमलं! कडुलिंब 30 मीटर, 300 अंश होता. थीटा −210 म्हणजे 150, निर्देशक (−26, 15). पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, अगदी जागेवर आला. उलट करताना कॅल्क्युलेटर −30 दाखवतोय. दुसऱ्या चरणातही 180 मिळवायचे ना?

उत्तर:
हो. क्ष उणे असेल तेव्हा मिळवायचे.