हलगी ग्रिडवर बसवली आणि तिचा जीवच गेला

इचलकरंजीचा_सिंथ
मंडळी, दोन वर्षं लॅपटॉपवर ट्रॅक बनवतोय. एबलटन हे संगीताचं सॉफ्टवेअर, छोटा मिडी कीबोर्ड आणि हेडफोन, एवढंच सामान. माझे मामा हलगी वाजवतात. दिवाळीत त्यांच्या अंगणात रेकॉर्डर लावून बसलो. मामांनी पाचट पेटवून हलगी तापवली, पहिला ठोका मारला आणि अंगावर काटा आला. अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग मिळालं.

घरी येऊन एकेक ठोका कापला, १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ मात्रा) ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या समान अंतराच्या रेषांवर बसवला, खाली किक (ड्रमचा जाड ठोका) आणि बास लावला. मामांना ऐकवलं. ते म्हणाले, “आवाज माझ्या हलगीचा आहे, हात माझा नाही.” तीन रात्री हे वाक्य डोक्यातून जात नाही. स्विंग (ठोके थोडे सरकवण्याचं सेटिंग) ५४ केलं, ६० केलं, तर ताल लंगडतो. शिवाय सुरुवातीचे आणि शेवटचे ठोके एकत्र लावले की सूर जुळत नाही. काय चुकतंय?

जुना_रेकॉर्डिस्ट
सुराचं आधी सांगतो, ते सोपं आहे. तापली की हलगीचं कातडं ताणतं आणि सूर चढतो; गार होत गेली की उतरतो. म्हणजे तुझ्याकडे अर्ध्या तासात चार-पाच वेगळ्या हलग्या जमा झाल्यात. त्या मिसळू नकोस. तापलेले ठोके ट्रॅक चढतो तिथे वापर, उतरलेले सुरुवातीला.

आता हात. चार मात्रांच्या एका बारचे सोळा भाग, त्यातला एक भाग म्हणजे सोळावा. स्विंग दर दुसरा सोळावा उशिरा सरकवतं. १२८ ला सोळाव्याची लांबी ११७ मिलिसेकंद. ५४ वर तो साधारण ९ मिलिसेकंद उशिरा येतो, ६० वर २३. आणि प्रत्येक वेळी तेवढाच. माणसाचा हात असा मागे पडत नाही.

म्हणून उलटं कर. मामांच्या सलग वाजवण्यातले चांगले दोन बार निवड, त्यांना क्वांटाइझ लावूच नकोस, म्हणजे ग्रिडवर ओढूच नकोस. एबलटनमध्ये त्या क्लिपमधून ग्रूव्ह, म्हणजे ठोक्यांच्या वेळांचा साचा, काढता येतो, तो हाय-हॅटला (ड्रमच्या झांजेला) आणि बासला लाव. किक राहू दे ग्रिडवर. बाकीच्यांनी मामांच्या मागे चालायचं. आणि एकच ठोका चोवीस वेळा चिकटवला असशील तर तो आधी काढ. प्रत्येक ठोक्याचा जोर वेगळा असतो, कान ते लगेच पकडतो.

रात्रपाळी_३०३
वरचं सगळं पटलं, पण यात मशीनला दोष देऊ नका. बॉलिवूडमधले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत टीबी-३०३ (बासचा सिंथ), टीआर-८०८ (ड्रम मशीन) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) घेऊन डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवले. शिकागोचा ॲसिड हाउस, म्हणजे ३०३ च्याच आवाजावर उभं राहिलेलं नृत्यसंगीत, रेकॉर्डवर आला १९८७ मध्ये. म्हणून काही लोक सिंगांनाच ॲसिडचे जनक म्हणतात. मला ते पटत नाही. शिकागोची पोरं स्वतःच्या वाटेनं तिथे पोचली. पण ३०३ मध्ये स्लाइड आहे: एक सूर न तुटता पुढच्यावर घसरत जातो. मींड ऐकून तयार झालेल्या कानाला त्याचा उपयोग कुठे, हे कुणी शिकवावं लागत नाही.

तुझा बास सगळ्या सोळाव्यांवर सरळ ठोकत असणार. अर्धे सूर काढून टाक. जिथे हलगी थांबते तिथेच एक स्लाइड दे.

इचलकरंजीचा_सिंथ
दादा, काल रात्री अडीचपर्यंत बसलो. दोन बार झूम करून एकेक ठोका मोजला. जाड काडीचे ठोके ग्रिडच्या जवळपास आहेत. बारीक काडीचा, समेच्या आधीचा ठोका मात्र १० ते १५ मिलिसेकंद *लवकर* पडतो. मी आठवडाभर स्विंगनं त्याला उशिरा ढकलत होतो! ग्रूव्ह काढून हॅटला लावला आणि पहिल्यांदाच पाय हलला. बासचे नऊ सूर कमी केले, अजून दोन जातील.

रविवारी मामांकडे जातोय. यावेळी हलगी पूर्ण गार होईपर्यंत रेकॉर्डर बंद करणार नाही.