‘रिन्यूएबल’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका_धरमपेठ: विज्ञान प्रदर्शनाच्या फलकांचं भाषांतर करतेय. विषय आहे, सगळं जग रिन्यूएबल ऊर्जेवर चालवता येईल का? मी ‘अक्षय ऊर्जा’ लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी खोडून ‘नवीकरणीय’ केलं. त्यांचं म्हणणं, जे संपतच नाही ते पुरेल का, असं कोण विचारणार? शब्दातच उत्तर देऊन टाकलंत! मला पटत नाहीये. नवीकरणीय म्हटलं की मला लायसन आठवतं. शुक्रवारी छपाई आहे.

बर्डीवाले: नवीकरणीय हिंदीतून आलाय. २००६ पर्यंत केंद्राच्या मंत्रालयाच्या नावात ‘अपारंपरिक’ होतं, मग ‘नवीन आणि नवीकरणीय’ झालं. महाराष्ट्राचं २०२० चं धोरण मात्र ‘अपारंपरिक’वरच अडून आहे. आजी गच्चीवर कुरड्या-मुंगवड्या वाळवायची ते ऊन अपारंपरिक, अन् कोराडीच्या वीज केंद्रातला कोळसा पारंपरिक. धन्य!

च्वि_प्रत्यय: ताई, खरं तर ‘अक्षय्य’ हवं. ‘क्षय्यजय्यौ शक्यार्थे’ असं पाणिनीचं सूत्रच आहे. ज्याचा क्षय होऊ शकतो ते क्षय्य, होऊच शकत नाही ते अक्षय्य. नवीकरणमधली दीर्घ ‘वी’ च्वि प्रत्ययाची, म्हणजे जे नवं नव्हतं ते नवं करणं. आता सूर्याला कोण नवं करतं? हा शब्द जळाऊ लाकडाला, गोबरगॅसला शोभतो.

कोराडी_निवृत्त: उभी नोकरी कोळशाच्या वीज केंद्रात गेली, म्हणून बोलतो. सूर्य असेल अक्षय्य, वीज नाही. आपल्या छतावरचं एक किलोवॉट दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. तेच किलोवॉट चोवीस तास चाललं असतं तर २४ मिळाले असते. तेव्हा आधी ‘क्षमता’ या शब्दाची झाडाझडती घ्या. २०२५ मध्ये देशाची निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून बाकीची, झाली. नातू विचारतो, मग निम्मा कोळसा का नाही वाचला? कारण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून ७० टक्क्यांच्या आसपास आहे. मे महिन्यात रात्री अकराला अख्ख्या शहराचे कूलर सुरू असतात, तेव्हा पॅनेल काय देणार? दुपारीही ते तापून ६५ अंशांवर जातं आणि २५ च्या वर दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. नागपूरचं ऊन जास्त म्हणून वीज जास्त, हा हिशोब इतका सरळ नाही.

खामल्याचा_पोट्टा: काका, एक नंबर. पण घरी कोण बोलते असं? ‘सोलर लावलं’ म्हणतो आपण, झालं. अन् ‘वीज गेली’ तरी कोण म्हणून राहिलं इथं? लाईन गेली! आमच्या शेजाऱ्याले वाटलं, सोलर हाय म्हणजे लाईन गेली तरी पंखा चालन. काहून चालन बाप्पा? आपल्या सोलरची वीज उलटी तारेत जाऊन तिथं काम करणाऱ्याले झटका नाही बसला पाहिजे म्हणून सोलरचं इन्व्हर्टर सोताच बंद पडते. बॅटरी असन तर गोष्ट येगळी.

कोथरूड_शुद्ध: ‘लाईन गेली’ हे हिंदीचं आक्रमण आहे. निदान शब्दचर्चेत तरी नको.

खामल्याचा_पोट्टा: लाईन हिंदी कधी झाली दादा?

अनुवादिका_धरमपेठ: मंडळी, फलक! त्यावर जेकबसन आणि डेलुची या अमेरिकी संशोधकांचा २००९ चा आराखडा आहे, २०३० पर्यंत सगळं जग वारा, पाणी आणि सूर्यावर. शेजारीच २०१७ चा आक्षेप. जेकबसन यांच्या नंतरच्या, अमेरिकेपुरत्या गणितात साठवण आणि जलविद्युत अवास्तव धरली आहे, असं २१ संशोधकांनी लिहिलं. तिथे ‘पंप्ड स्टोरेज’ला काय लिहू?

बर्डीवाले: उदंचन. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्पच आहे. वीज उरली की खालचं पाणी वर चढवायचं, लागली की खाली सोडायचं.

च्वि_प्रत्यय: सुरेख शब्द. संस्कृतात उदंचन म्हणजे विहिरीतून पाणी शेंदायची बादली.

खामल्याचा_पोट्टा: पोरायले अत्तराचं नाव वाटन ते.

कोराडी_निवृत्त: शब्द सोडा, आकडा बघा. जगाच्या अंतिम ऊर्जावापरात वीज आहे जेमतेम पाचवा हिस्सा. बाकी डिझेल, सिमेंटच्या भट्ट्या, पोलाद, विमानं. सगळी वीज उद्या सौर झाली तरी ‘जग’ बदललं म्हणता येत नाही. फलकावर ‘ऊर्जा’ हवं की ‘वीज’, ते आधी ठरवा. आणि मोठी धरणं धरलीत का? आपल्याकडे ती २०१९ पासून नवीकरणीयात मोजतात. त्याआधी हेच पाणी, हेच धरण, पण यादीत नव्हतं.

च्वि_प्रत्यय: म्हणूनच म्हणतो, अक्षय्य लिहा.

कोथरूड_शुद्ध: पण रूढ ‘अक्षय’च आहे. आणि ‘लाईन’वर माझा आक्षेप कायम आहे. प्रमाणभाषा म्हणून काही असतं की नाही?

बर्डीवाले: असतं ना. महावितरण लाईनमनला ‘जनमित्र’ म्हणतं. रात्री दोनला डीपीतून धूर निघाला की खिडकीतून ‘अहो जनमित्र’ अशी हाक मारा, अन् कोण वळून बघतं ते इथं कळवा.