बी-४०३ च्या दारावरची फुली

सावंत काकू बी-४०३: आमच्या दारावर लाल फुली कोणी काढली? रात्री साडेनऊला कचऱ्याची पिशवी ठेवली तेव्हा नव्हती. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर ही एवढी मोठी. आणि पायपुसण्यावर लिंबू. यांना चार दिवस ताप आहे हे सगळ्यांना माहीत आहे. फोटो टाकतेय.

कदम ए-७०४: काकू, चोर आधी अशी खूण करून जातात. माझ्या मेव्हण्याच्या बिल्डिंगमध्ये झालं होतं. वॉचमन काय करत होता?

परब सेक्रेटरी: वॉचमन जागा होता. मी सीसीटीव्ही बघतो. तोवर अफवा नकोत 🙏

कदम ए-७०४: जागा होता म्हणजे मोबाइल बघत होता.

म्हात्रे वहिनी बी-४०१: फोटो मोठा करून बघा. फुलीवर काहीतरी लिहिलंय. "देवा आमच्यावर दया कर." दया मधला द उलटा आहे.

सावंत काकू बी-४०३: तेच तर! फुली, लिंबू आणि वर देवाचं नाव. उद्या अमावस्या आहे. आमच्या वाईटावर कोण आहे ते मला चांगलं ठाऊक आहे, पण मी नाव घेणार नाही.

म्हात्रे वहिनी बी-४०१: घ्या ना नाव. चपलांच्या स्टँडवरून झालं ते झालं, पण लिंबं ठेवत फिरणाऱ्यातली मी नाही.

(हा मेसेज डिलीट करण्यात आला)

परब सेक्रेटरी: दोघींनाही विनंती 🙏

तन्मयची आई सी-२०५: काकू, खूप खूप सॉरी. आत्ता तन्मयला झोपेतून उठवून विचारलं. तो, बी-५०२ ची आर्या आणि आणखी दोघं काल रात्री जेवणानंतर "लंडनचा प्लेग" खेळत होते. क्लबहाउसमधल्या इतिहासाच्या विनोदी पुस्तकात आहे म्हणे. १६६५ मध्ये ज्या घरात रोगी सापडेल त्या दारावर लाल फुली काढायचे, वर हेच वाक्य लिहायचे आणि घर ४० दिवस बाहेरून बंद. काकांना ताप आहे म्हणून त्यांनी तुमचं दार निवडलं. खडूच आहे.

सावंत काकू बी-४०३: म्हणजे यांना प्लेग झालाय असं तुमच्या मुलाने ठरवलं?

आर्याचे बाबा बी-५०२: एक मिनिट. आर्या खेळत नव्हती. ती फक्त खडू घेऊन उभी होती.

कदम ए-७०४: 😂😂

सावंत काकू बी-४०३: कदम, हसू नका. आणि लिंबू?

तन्मयची आई सी-२०५: ते दुसऱ्या पुस्तकातलं, खलाशांच्या. बोटीवर महिनोन् महिने भाजी नाही, फळ नाही, बिस्किटात अळ्या. हिरड्या सुजून दात पडायचे. १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने १२ आजारी खलाशांना जोडी-जोडीने वेगवेगळी औषधं देऊन पाहिली, त्यात संत्री-लिंबं मिळालेली जोडी सगळ्यात लवकर सुधारली. म्हणून लिंबू काकांना बरं वाटावं म्हणून ठेवलंय. खरंच प्रेमाने ठेवलंय हो.

कुलकर्णी मॅडम सी-१०३: आणि हे कळूनसुद्धा इंग्रजी आरमाराने सगळ्यांना लिंबाचा रस द्यायचं ठरवलं १७९५ मध्ये. मुलांना पाठ आहे हे सगळं. मला कौतुक वाटतं.

कदम ए-७०४: ४८ वर्षं. म्हणजे आपल्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला अजून वेळ आहे.

परब सेक्रेटरी: वॉटरप्रूफिंग मागच्या कमिटीने अडकवलं. मिनिट्स वाचा.

परांजपे सी-६०१: पुस्तकं क्लबहाउसच्या कपाटातली ना? मी एजीएममध्येच म्हटलं होतं. कपाटाला कुलूप हवं.

सावंत काकू बी-४०३: मॅडम, कौतुक तुम्ही करा. म्हात्रेंच्या वास्तुशांतीला हाच मुलगा माझ्या शेजारी पंगतीत बसला होता. मी शेवयांची खीर खातेय आणि हा सांगतोय, आजी, इजिप्तमध्ये ममी करताना आकडा घालून मेंदू नाकातून ओढून काढायचे. मी वाटी तशीच ठेवून उठले.

म्हात्रे वहिनी बी-४०१: तरीच! मला वाटलं माझी खीर आवडली नाही. सहा महिने तेच डोक्यात होतं.

सावंत काकू बी-४०३: खीर चांगली होती. वेलची जास्त होती.

डिसोझा अंकल ए-३०२: गुड मॉर्निंग ऑल. लंडन कशाला? १८९६ मध्ये आपल्या मुंबईत, मांडवीला पहिला पेशंट बघून हा ब्युबॉनिक प्लेग आहे असं ओळखणारा डॉक्टर आमचा गोंयकार, अकासियो व्हिएगस. मेट्रो सिनेमाजवळ पुतळा आहे. कोणी मान वर करून बघत नाही.

कुलकर्णी मॅडम सी-१०३: आणि लस आपल्याच शहरात तयार झाली. हाफकिनने १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटच्या गेटवरून रोज जाता, त्याच माणसाचं नाव आहे ते.

शहा ट्रेझरर बी-२०१: मॅडम, पुस्तकांचा विषय निघालाच आहे तर. फोर्टच्या फुटपाथवरून ७ पुस्तकं ५६० रुपये, पण बिल आलेलं नाही. ऑडिटर विचारतो.

कुलकर्णी मॅडम सी-१०३: शहाभाई, फुटपाथवर बिल मिळतं का? वहीच्या पानावर लिहून सही करून दिलंय तुम्हाला.

परांजपे सी-६०१: मी एजीएममध्येच म्हटलं होतं. कपाटाला कुलूप हवं.

आर्याचे बाबा बी-५०२: माझा मुद्दा वेगळा आहे. त्या धुराड्याच्या पुस्तकानंतर आर्या दोन रात्री दिवा लावून झोपली. इंग्लंडमध्ये पाच-सहा वर्षांची पोरं साफसफाईला धुराड्यात चढवायचे, काही आत अडकून गुदमरून मेली. शेजारी कार्टून! ह्यात विनोद कसला?

तन्मयची आई सी-२०५: तन्मय तेच वाचून मला कायदा सांगत होता. १८४० मध्येच २१ वर्षांखालच्यांना चढवायला बंदी आली, पण कोणी पाळली नाही. १८७५ मध्ये पोलिसांचा परवाना सक्तीचा झाला तेव्हा कुठे थांबलं.

कदम ए-७०४: आपल्या व्हिजिटर पार्किंगला पण परवाना लावा. पांढरी गाडी कोणाची आहे सगळ्यांना माहीत आहे.

शहा ट्रेझरर बी-२०१: ती गाडी माझ्या साडूची आहे आणि दोनच दिवस आहे.

कुलकर्णी मॅडम सी-१०३: आर्याचे बाबा, आपण राहतो ती जागा गिरणीची होती. १८८१ चा कारखान्यांचा कायदा आला तेव्हा काय सुधारणा झाली, तर ७ वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही आणि ७ ते १२ च्या मुलांकडून दिवसाला ९ तासच काम घ्यायचं. तन्मय ९ वर्षांचा आहे.

तन्मयची आई सी-२०५: त्याला ९ मिनिटं एका जागी बसवून दाखवा.

नाईक आजोबा ए-१०२: मी बोलून टाईप करतोय, चुका सांभाळून घ्या. ते प्लेगचं पुस्तक मी नातवाकडून घेऊन वाचलं. माझी आजी मांडवीच्या चाळीत वाढली. त्या साथीत ती ९ वर्षांची. तिच्या धाकट्या भावाच्या काखेत गाठ आली. घरात रोगी आहे का बघायला तपासणीवाले यायचे, सोबत गोरे सोल्जर. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही असंच सगळे धरून चालायचे. आईने पोराला तांदळाच्या पोत्यांमागे लपवलं. आजीला पोत्यावर बसवून जात्याची गाणी म्हणायला सांगितलं, कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून. तरी सापडला. नंतर भिंतीवर इंग्रजीत तीन अक्षरं रंगवून गेले, यू एच एच. म्हणजे माणसांनी राहायला नालायक घर. आजीला वाचता येत नव्हतं. तिला कित्येक वर्षं वाटत होतं की साहेबाने तिच्या भावाचं नाव लिहून ठेवलंय, परत आणून द्यायला घर सापडावं म्हणून.

नाईक आजोबा ए-१०२: आता विनोदाचं. त्या पुस्तकात राजा लंडन सोडून पळतो त्या चित्राला मी मोठ्याने हसलो, सूनबाई बघायला आली. फुलीच्या दारामागे मात्र खिडकीत नुसता एक चेहरा आहे. त्याला चित्रकाराने नाक मोठं केलेलं नाही की डोळे तिरळे केलेले नाहीत. हे ज्याला कळतं त्याने खुशाल विनोद करावा.

सुर्वे ए-५०१: सुप्रभात 🌹 हसत राहा, आनंदी राहा. आवडल्यास दहा जणांना पाठवा.

परब सेक्रेटरी: सुर्वे, जरा वर वाचून टाकत जा.

सावंत काकू बी-४०३: नाईक काका, तो भाऊ?

नाईक आजोबा ए-१०२: नाही आला.

परांजपे सी-६०१: सगळं ठीक आहे. पण मी एजीएममध्येच म्हटलं होतं.

कदम ए-७०४: परांजपे, कुलूप मी आणून देतो. किल्ली तुमच्याकडेच ठेवा आणि रोज पाच वाजता उघडायला खाली या.

परांजपे सी-६०१: माझे गुडघे दुखतात.

सावंत काकू बी-४०३: तन्मयच्या आई, मुलांना सहानंतर पाठवा, यांची झोप झाली की. फडका ओला करून आणायला सांगा, पॉलिश नवीन आहे. लिंबाचं सरबत केलं, यांनी अर्धा पेला घेतला. आणि म्हणावं द आधी सुलटा काढून दाखवायचा, मग पुसायचा.

तन्मयची आई सी-२०५: हो काकू 🙏 तन्मय आणि आर्या दोघंही येतायत.

आर्याचे बाबा बी-५०२: आर्या फक्त फडका घेऊन उभी राहील.