नागपूर दाखवायला मराठी बोलणारा गाईड हवाय, मदत करा

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात पुण्याहून आत्या, काका आणि त्यांच्या दोन मैत्रिणी येताहेत. आम्ही घरचे धरून सात-आठ जण होऊ. मोठ्या बसमधली धावती सहल नको. सोबत चालत, थांबत, प्रश्न विचारू देणारा माणूस हवा.

माझ्या मते सुरुवात महाल या जुन्या भागातूनच व्हावी. सकाळी गर्दी व्हायच्या आत गांधी दरवाजा, भोसल्यांचे वाडे, जुनी देवळं, मग तर्री पोहे. नुसतं "हा राजवाडा" म्हणून पुढे नेणारा चालणार नाही. लाकडी खांबांवरचं कोरीवकाम थांबून दाखवणारा हवा. सीताबर्डी किल्ला सैन्याकडे आहे, ठरावीक दिवशीच उघडतो. तरी खालून का होईना, १८१७ ची लढाई नीट समजावून सांगितली तर काका खूश होतील. झिरो माईलचा खांब आणि ते चार घोडे, १८६३ पासूनचा अजब बंगला म्हणजे आपलं मध्यवर्ती संग्रहालय, हेही हवंच. दीक्षाभूमीला मात्र घाई नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे काय घडलं ते आत्याला शांतपणे ऐकायचंय.

आत्याचे गुडघे दुखतात, म्हणून मधलं अंतर गाडीनं जाऊ.

असं छोट्या गटाला फिरवणारं कुणी तुमच्या अनुभवातलं आहे का? पैसे माणशी घेतात की गटाचे? सगळं एका दिवसात बसेल, की दीक्षाभूमी दुसऱ्या दिवशी ठेवू? इतिहास शिकवणारे कुणी सर किंवा मॅडम यायला तयार असतील तर फारच उत्तम.