फ्लॅटने भागल्यावर धुळीची वर्तुळं उलट उजळतात: चूक कोडची की कॅमेऱ्याची?

रात्रपाळी_सहायक
वेधशाळेत तांत्रिक सहायक म्हणून प्रतिमांचं कॅलिब्रेशन (कॅमेरा-दुर्बिणीचे दोष काढणं) माझ्याकडे असतं. 16 बिट सीमॉस (संवेदक चिपचा एक प्रकार) कॅमेरा, तापमान -10 अंश सेल्सिअस, लाइट (आकाशाच्या प्रतिमा) आणि डार्क (प्रकाश पूर्ण बंद करून घेतलेल्या प्रतिमा) दोन्ही 120 सेकंदांचे. मास्टर डार्कमधून (अनेक डार्क एकत्र करून केलेल्या प्रतिमेतून) मास्टर बायस (अतिलघु कालावधीच्या, प्रकाशाविना घेतलेल्या प्रतिमांवरून मिळालेली कॅमेऱ्याची मूळ पातळी) वजा करतो, उरलेला डार्क लाइटमधून वजा करतो, मग फ्लॅटने (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या प्रतिमेने) भागतो. सगळं पायथन आणि त्याची खगोलशास्त्राची लायब्ररी अ‍ॅस्ट्रोपायमध्ये. मास्टर फाइली 16 बिटच्या आहेत. बायस वजा झालेल्या डार्कवर 65530च्या आसपासचे पांढरे ठिपके पसरलेत, आणि फ्लॅटनंतर धुळीची काळी वर्तुळं जाण्याऐवजी पांढरी होतात.

ध्रुवमत्स्य
ठिपके कॅमेऱ्याचे नाहीत, वजाबाकीचे आहेत. चिन्हविरहित 16 बिट पूर्णांकात ऋण संख्या मावतच नाही. 498 मधून 503 गेले की -5 च्या जागी 65531 येतात. एवढ्या थंडीत डार्क आणि बायस जवळजवळ सारखेच, त्यामुळे नॉइजमुळे असंख्य पिक्सेल शून्याखाली जातात. फाइल वाचल्यावाचल्या डेटा फ्लोट32 (ऋण आणि अपूर्णांक संख्याही मावणारा प्रकार) करा, मास्टरही त्यातच सेव्ह करा. ऋण किमती शून्यावर कापू मात्र नका, पार्श्वभूमीची सरासरी फुगते आणि अंधुक ताऱ्यांची प्रकाशमिती (तेजाचं मोजमाप) बिघडते.

फिट्सवाला
वर्तुळांचं कारण वेगळं. डार्कमधला बायस तुम्ही काढून टाकलात, पण लाइटमधला काढलाच नाही. समजा आकाश 1000, त्यात 500 बायस. धूळ 10 टक्के प्रकाश अडवते: 500 चे 450, अधिक 500, म्हणजे 950. त्याला फ्लॅटमधल्या 0.9 ने भागलं की सुमारे 1056. झालं वर्तुळ पांढरं! डार्कचा कालावधी, तापमान, गेन (संकेत किती वाढवायचा ती सेटिंग) आणि ऑफसेट (प्रत्येक पिक्सेलमध्ये मिळवला जाणारा ठरावीक आकडा) लाइटसारखेच असतील तर बायस वेगळा करूच नका, अख्खा डार्क वजा करा. फ्लॅटमधून फ्लॅटच्याच कालावधीचे डार्क वजा करा; काही सीमॉस कॅमेऱ्यांचे अतिलघु बायस भरवशाचे नसतात.

रात्रपाळी_सहायक
आलं लक्षात. धूळ नेमकी कुठे बसलीय, हे प्रतिमेवरून कळतं का?

ध्रुवमत्स्य
कळतं. वर्तुळाचा व्यास पिक्सेलमध्ये मोजा, त्याला पिक्सेलच्या आकाराने आणि एफ-गुणोत्तराने (दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले तिचा व्यास) गुणा. 300 पिक्सेल, 3.76 मायक्रॉन, एफ/6: सेन्सरपासून सुमारे 6.8 मिलिमीटर, म्हणजे बहुधा सेन्सरसमोरची काच. 1200 पिक्सेल असतील तर 27 मिलिमीटर. तिथे फिल्टर तपासा. आधी हातपंपाने हवा मारा, कापड लगेच लावू नका. कॅमेरा काढला किंवा जरा जरी फिरला, तरी जुने फ्लॅट बाद.