मुलाचा आवाज फुटतो आहे : सोलापुरात गायनाचे शिक्षक सुचवावेत

जुळे सोलापुरातील पालक :
माझा मुलगा १२ वर्षांचा असून ३ वर्षांपासून शास्त्रीय गायन शिकतो आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथम या परीक्षा त्याने दिल्या आहेत. मात्र काही महिन्यांपासून त्याचा आवाज फुटू लागला आहे आणि सध्याच्या वर्गात सगळ्या मुलांना एकाच पट्टीत, काळी पाचमध्ये (पेटीचा पाचवा काळा सूर सा धरून), गावे लागत असल्यामुळे तार षड्ज (वरचा सा) लावताना त्याचा घसा ताणला जातो. गाणे सोडायचे नाही, असे त्याचेच म्हणणे आहे. होटगी रोड, विजापूर रोड किंवा सात रस्ता परिसरात मोजक्या मुलांना शिकवणारे कोणी आहेत का? त्यांची तालीम कोणाकडे झाली आणि ते शिकवतात कसे, हेही कृपया कळवावे.

होटगी रोडवरील पालक :
माझी मुलगी ५ वर्षे ज्या बाईंकडे शिकते आहे, त्यांचे नाव मी आपल्याला व्यक्तिगत निरोपातून कळवते. विशारद झाल्यावरही त्यांनी अनेक वर्षे किराणा घराण्याच्या गुरूंकडे समोर बसून तालीम घेतली आणि आजही त्या पहाटे स्वतःचा रियाज चुकवत नाहीत. मला पदवीपेक्षा याचे मोल अधिक वाटते. पहिल्या महिन्यात त्यांनी पेटी उघडलीच नाही. तंबोरा जुळवून मुलीला नुसते ऐकायला बसवले आणि खर्जाच्या (सर्वांत खालच्या सा च्या) तारेतून आपोआप उमटणारा गंधार (ग) तिला ऐकू येईपर्यंत वाट पाहिली. पेटीचा गंधार किंचित चढा असतो, म्हणून कान आधी तंबोऱ्यावर तयार व्हावा, असा त्यांचा आग्रह आहे. त्यानंतर एकटा भूप राग चार महिने चालला. तेव्हा मी अधीर झाले होते, हे मान्य करते. पण आता ती नवा राग ऐकून त्यातले स्वर स्वतः ओळखते.

सात रस्ता येथील गायन शिक्षक :
वरील शिफारस चांगली आहे, तरीही एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. या वयात मुलांचा स्वरयंत्राचा भाग वाढतो, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज हळूहळू सुमारे एक सप्तक खाली उतरतो. त्या काळात पट्टी दर काही आठवड्यांनी तपासावी लागते. माझ्याकडे अशी मुले आली की मी तार सप्तक पूर्ण थांबवतो, मंद्र (खालच्या) आणि मध्य सप्तकात हलक्या आवाजात आकार (‘आ’ लावून गाणे) करून घेतो आणि उरलेल्या वेळेत हातावर ताल धरून त्रिताल व झपतालाची दुगुन (दुप्पट लय) पक्की करून घेतो. आवाज थकला की त्या दिवशी गाणे बंद, फक्त ऐकणे. बाई स्वतः काळी चारमध्ये गात असतील, तर काळी एककडे उतरणाऱ्या मुलाला त्या कसे शिकवतात, हे पाहणे आवश्यक आहे. परीक्षा मात्र तूर्त पुढे ढकलावी.

होटगी रोडवरील पालक :
बाईंकडे सध्या दोन मोठे मुलगे शिकतात. त्यांच्यासाठी त्या तंबोरा वेगळ्या पट्टीत लावतात आणि स्वतः खाली उतरून जागा दाखवतात. जिथे त्यांचा आवाज पोहोचत नाही, तिथे पेटीवर वाजवून देतात.

जुळे सोलापुरातील पालक :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. बाईंची परवानगी मिळाल्यास मुलाला घेऊन एक दिवस त्या मुलांच्या तालमीला बसतो आणि तोपर्यंत सध्याच्या वर्गात तार षड्ज लावू नये, असे त्याला आजच सांगतो.