मदत हवी आहे: ७४१४१ लावूनही निक्सी ट्यूब पूर्ण विझत नाही

नमस्कार मंडळी,

सहा आयएन-१४ निक्सी ट्यूबचं (काचेच्या नळीत अंकांच्या आकाराच्या तारा, हवा तो अंक चमकतो) घड्याळ जुळवतोय. मोजणीला ७४९० ही आयसी, प्रत्येक ट्यूबला एक के१५५आयडी१ (चार इनपुटवरच्या कोडप्रमाणे ट्यूबमधला अंक लावणाऱ्या ७४१४१ आयसीचाच सोव्हिएत अवतार). १२ व्होल्टवरून बूस्ट कन्व्हर्टरने (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) २१० व्होल्ट काढलेत, प्रत्येक ॲनोडला (ट्यूबचं धन टोक) २७ किलोओहमचा रेझिस्टर.

अंक लागलेला असताना काहीच तक्रार नाही. नारिंगी, रेखीव, इतकं सुंदर दिसतं की काम सोडून बघत बसतो. घोळ फक्त तासांच्या दशकस्थानी आहे. १ ते ९ वाजताना ती ट्यूब मला कोरी हवी, म्हणून चारही इनपुट हाय करतो, म्हणजे कोड १५. डेटाशीटप्रमाणे १० ते १५ या कोडना सगळे आउटपुट बंद हवेत. पण तीन-चार अंक एकमेकांत मिसळून मंद चमकत राहतात.

आयसी बदलली, तेच. लागलेल्या अंकाचा करंट अडीच मिलीअँपियर, म्हणजे योग्य. बंद आउटपुटवर मात्र साधारण ६० व्होल्ट दिसतात. हे कुठून आले? बंद म्हणजे मोकळं ना?

उत्तर

मोकळं नाही. ही आयसी फार उंच व्होल्टेज सोसत नाही, म्हणून प्रत्येक आउटपुटला आत झेनर डायोडसारखं क्लॅम्प, म्हणजे व्होल्टेज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय, आहे. ते ६० च्या आसपास वाहू लागतं. आता २१० वजा ६० करा: ट्यूबवर १५० उरतात. एकदा पेटलेली ट्यूब १४० च्या आसपासही तग धरते, मग ती विझेल कशी? अंक लागलेला असताना ॲनोडच १४० वर खाली आलेला असतो, त्यामुळे तेव्हा हे दिसत नाही.

पुरवठा १८० च्या जवळ आणा. १७० च्या खाली नको, पेटायला तेवढे लागतात. रेझिस्टर १५ किलोओहम करा, करंट तोच राहील. पण आधी व्होल्टेज उतरवा. उलट क्रमाने केलंत तर करंट साडेचारच्या वर जाईल. आणि हात लावण्याआधी कपॅसिटर रिकामा झालाय हे मीटरने बघाच.

खरं तर दशकस्थानी फक्त १ लागतो. तिथे आयसीऐवजी एकच एमपीएसए४२ ट्रान्झिस्टर पुरेल, तो ३०० व्होल्ट सोसतो.

धागाकर्ता

१७८ व्होल्ट आणि १५ किलोओहम केलं. दशकस्थान काळंभोर! सहाही ट्यूब लगेच पेटतात. मनापासून आभार.